"मॅडम, पीएफ कवा मिळंल?"

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की तुमच्या पेपरात करिअरची पानं सुरू होतात, कुठला कोर्स, कुठलं कॉलेज, कुठं किती पॅकेज. चांगलं असतं, मी स्वतः कात्रणं काढून भाच्याला दिलीत. पण नोकरी लागली, पहिला पगार झाला, हातात स्लिप आली, मग पुढं काय हे कोणच लिहीत नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबलंय, कापलं तरी चालेल, फक्त पीएफचं तेवढं ठेवा.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे, एकोणीस-वीस वर्षं झाली. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), रजा सगळं माझ्या टेबलावरून जातं. पोरं येतात ती बुधगाव, कवलापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, जत अशी सगळीकडची, कोण आयटीआय, कोण डिप्लोमा, हल्ली बीएस्सी झालेली पण येतात. कामाला चांगली असतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन-अडीच वर्षं झाली की एक दिवस टेबलासमोर येऊन उभं राहायचं आणि विचारायचं, "मॅडम, पीएफ कवा मिळंल?" राजीनामा अजून टाइप व्हायचा असतो आणि पीएफचं मात्र डोक्यात पक्कं ठरलेलं असतं, कशात घालायचा ते पण ठरलेलं असतं. बुलेटचं डाऊनपेमेंट, बहिणीच्या लग्नात मंडपाचे पैसे, नाहीतर नुसताच नवा मोबाईल.

मला आधी वाटायचं की पोरं उधळी आहेत. नंतर कळलं की तसं नाही, ह्यांना पीएफ म्हणजे काय हेच कुणी सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं कंपनीनं आपले पैसे दाबून ठेवलेत आणि नोकरी सोडली तरच ते सोडवता येतात. म्हणजे भिशी लागावी तसं. आता यात चूक त्यांची किती आणि आमच्यासारख्या पगार काढणाऱ्यांची किती, तुम्हीच सांगा. जॉइन होताना आम्ही दहा कागदांवर सह्या घेतो, त्यातला फॉर्म ११ हा पीएफच्या माहितीचा असतो हे मी तरी पहिली काही वर्षं कुणाला समजावून सांगितलं नव्हतं, सांगायला वेळ कुठं असतो.

हिशोब सांगते, साधा आहे. पोराचा बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,००० धरा. त्यातले १२ टक्के म्हणजे १,८०० त्याचे कापले जातात. तेवढेच १,८०० कंपनी घालते, पण त्यातले १,२५० पेन्शन खात्याला जातात आणि ५५० पीएफला. म्हणजे महिन्याला पीएफमध्ये पडतात २,३५०. वर्षाला २८,२००. व्याज २०२३-२४ ला पण ८.२५ टक्के होतं आणि २०२४-२५ ला पण तेवढंच. तीन वर्षांनी काढले तर नव्वद-पंच्याण्णव हजार हातात येतात आणि पोरगं खूश, एवढी रक्कम एकदम आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली असते. पण तेच पंच्याण्णव हजार हात न लावता अजून सत्तावीस वर्षं राहिले तर याच दरानं आठ लाख होतात. आणि दर महिन्याचे २,३५० असेच तीस वर्षं पडत राहिले, पगार एक रुपया वाढला नाही असं धरलं तरी, तेहतीस-चौतीस लाख. व्याजदर दरवर्षी ठरतो, तो असाच राहील असं मी म्हणत नाही, थोडा खाली आला तर आकडा पण खाली येईल. पण मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवते तेव्हा पोरं आधी हसतात आणि मग कॅल्क्युलेटर मागून घेतात.

आता पेन्शनचं. हे तर कुणालाच माहीत नसतं, बीकॉम झालेल्यांना पण नाही. पेन्शन मिळायला किमान १० वर्षं सर्व्हिस लागते. ती एकाच कंपनीत लागते असं नाही, सगळ्या नोकऱ्या मिळून चालते, फक्त मधे पेन्शनचे पैसे काढायचे नाहीत. पीएफ काढताना फॉर्म १९ बरोबर पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म १०सी पण भरून टाकतात, सायबर कॅफेवाला भरतो, त्याला काय पडलंय. तो १०सी भरला की तेवढी वर्षं खात्यातून पुसली गेली. आमच्याकडं एक ऑपरेटर आहे, वय एक्केचाळीस, वयाच्या एकविसाव्या वर्षापासून कामाला आहे. चार कंपन्या झाल्या, तीनदा सगळं काढून घेतलं. वीस वर्षं घाम गाळून त्याची पेन्शनची सर्व्हिस भरते सहा वर्षं. फॉर्म्युला सोपा आहे, पेन्शनचा पगार गुणिले वर्षं भागिले ७०. १५,००० पगार आणि ३० वर्षं असतील तर ६,४०० च्या वर बसते महिन्याला. फार नाही, मला पण माहीत आहे. पण गावाकडं ज्यांचे आईवडील आत्ता साठी ओलांडलेत त्यांना विचारा, महिन्याला सहा हजार कुणापुढं हात न पसरता येणं म्हणजे काय असतं ते.

मी हे शहाणपण शिकवतेय असं वाटेल म्हणून माझं पण सांगून टाकते. २००१ ला मी पुण्यात पहिली नोकरी धरली, पगार तीन हजाराच्या थोडा वर. २००४ ला लग्न ठरलं, नोकरी सोडून सांगलीत आले आणि ऑफिसमधल्या सगळ्याच म्हणाल्या की लग्न झालं की पीएफ काढतातच, तसा मी पण काढला. वीस हजाराच्या आसपास आले. त्याचा फ्रिज घेतला. चांगला चालला फ्रिज, खोटं कशाला बोलू. पण २०१९ च्या महापुरात गावभागातलं सासरचं घर पाण्यात गेलं तेव्हा तो पण गेला, चिखलातून ओढून बाहेर काढला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं की हा माझा पीएफ. साडेआठ टक्क्यांनी धरलं तरी ते वीस हजार आज लाखाच्या वर असते. आणि तीन वर्षं सर्व्हिस गेली ती वेगळीच.

माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. तेव्हा हरिपूरच्या पेवांत हळद ठेवायचे, जमिनीखाली, वर्षानुवर्षं राहिली तरी कीड लागायची नाही. २००५ च्या पुरात त्या पेवांचं फार नुकसान झालं. वडील सांगायचे, पेव फोडायचं ते भाव बघून, घरात पोरगं रुसलंय म्हणून नाही. आमच्या घरात हे वाक्य सारखं कानावर पडायचं आणि तरी मी काढलाच ना पीएफ. त्यामुळं पोरांना शिव्या द्यायचा मला काही अधिकार नाही.

बरं, खरी गरज असली तर काय करायचं, हा प्रश्न पोरं विचारतात आणि तो बरोबरच आहे. आजारपणाला, घराला, लग्नाला, शिक्षणाला नोकरी चालू असतानाच पीएफमधून ॲडव्हान्स काढता येतो, फॉर्म ३१. त्याला राजीनामा लागत नाही आणि पेन्शनला धक्का लागत नाही. जून २०२५ पासून तर ५ लाखांपर्यंतचे ॲडव्हान्स क्लेम सिस्टीम आपोआप तपासून सोडते. आमच्या एका पोराच्या आईचं ऑपरेशन मिरजेत होतं, तो राजीनामा द्यायला निघालेला, का तर पीएफ सुटेल म्हणून! नोकरी सोडणार, ईएसआय जाणार, पगार जाणार, आणि हातात ऐंशी हजार. मी त्याला खुर्चीत बसवलं. त्याचा ग्रॉस, म्हणजे एकूण पगार, २१,००० च्या आत होता म्हणजे ईएसआय लागू, त्याच्या पगारातून महिन्याला पाऊण टक्का कापला जातोय, आई त्याच्यावर अवलंबून, कार्डावर आईचं नावच घातलेलं नव्हतं. ते घातलं. पुढचं सगळं सरळ झालं असं नाही, हेलपाटे झाले, कागद परत आले, पण नोकरी राहिली. आणि हा पोरगा चार वर्षं ते कार्ड पाकिटात घेऊन फिरत होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) विश्वस्त मंडळानं ठरवलं की खात्यात २५ टक्के रक्कम कायम राहिली पाहिजे आणि नोकरी सुटल्यावर पूर्ण पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबायचं, पेन्शनचे काढायला छत्तीस महिने. त्या दिवशी आमच्या कॅन्टीनमध्ये काय बोंबाबोंब झाली, आमचे पैसे अडवतात, सरकार खाणार, वगैरे. मला विचाराल तर राग येणं साहजिक आहे, नोकरी गेलेल्या माणसाला एक वर्ष थांब म्हणणं सोपं नाही. त्यात बाकीची ७५ टक्के रक्कम लगेच मिळणार ही गोष्ट मात्र व्हॉट्सॲपवर कुणी फॉरवर्ड केली नव्हती. पण सगळ्यात मोठ्यांदा ओरडणाऱ्यांत दोघं असे होते की ज्यांनी दोनदा काढून संपवलेला होता, अडवायला होतंच काय.

दुसरी गोष्ट नोकरी बदलण्याची. चाकणला चार हजार जास्त देत्यात म्हणून पोरं जातात. जावं, मी कुणाला अडवत नाही, तिकडं शिकायला जास्त मिळतं, मोठ्या मशिनवर हात बसतो, त्या अनुभवाचे पैसे पुढं मिळतात. पण नुसत्या चार हजारासाठी जाणार असशील तर रूमचे तीन हजार, मेसचे तीन-साडेतीन हजार आणि महिन्यातून एकदा गावाकडं यायचं भाडं, हे वजा कर की बाबा आधी. इथं घरची भाकरी आहे, आईच्या हातचा डबा आहे त्याचे पैसे कुणी धरत नाही. आणि सीटीसी हा शब्द, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा वर्षाचा सगळा खर्च. वर्षाला तीन लाख म्हटलं की पोरगं भागिले बारा करतं आणि पंचवीस हजार घरी सांगून मोकळं होतं. त्या तीन लाखात कंपनीचा पीएफ धरलेला असतो, ग्रॅच्युइटी धरलेली असते, कुठं कुठं तर बसचे आणि कॅन्टीनचे पण धरलेले असतात. शिवाय प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीला ३००, दरवर्षी फेब्रुवारीत कुणीतरी येतंच विचारायला की मॅडम शंभर रुपये कमी कसे. ऑफर लेटर हातात आलं की बेसिक किती, हातात किती, पीएफ कशावर कापणार एवढं विचारायला लाज कसली. अजून एक, पहिलीच नोकरी असेल आणि बेसिक १५,००० च्या वर असेल तर काही ठिकाणी विचारतात पीएफ पाहिजे का नको. पोरं नको म्हणतात, हातात जास्त येतात म्हणून. पण कुठं कुठं तसं केल्यावर कंपनीचा हिस्सा पण जातो, हे तेव्हा लक्षात येत नाही. विचारून घ्या आधी.

नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे पीएफचा आपला कायमचा नंबर, तोच द्यायचा. आता आधार जोडलेलं असेल तर बऱ्याच केसमध्ये जुना पीएफ नव्याकडं आपोआप किंवा ऑनलाइन क्लेम टाकला की जातो, जुन्या कंपनीच्या सहीसाठी उंबरे झिजवायची वेळ फारशी येत नाही. अडतं कुठं तर नावात. आधारवर बापाच्या नावासकट, पीएफमध्ये नुसतं नाव आडनाव, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून (आपल्याकडं अर्धा जिल्हा १ जूनला जन्मलाय) आणि आधारवर दुसरीच. हे नोकरीत असताना दुरुस्त करून घ्या, सोडून गेल्यावर जुन्या ऑफिसचा फोन कोण उचलत नाही, आमचा पण नाही, खरं सांगते. आणि जी पोरं कॉन्ट्रॅक्टरकडं आहेत त्यांनी उमंग ॲपवर दर महिन्याला पासबुक बघायचं. स्लिपवर कापलेले दिसतात आणि खात्यात पडलेलेच नसतात असं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, दीड वर्षानं कळलं तोपर्यंत तो कॉन्ट्रॅक्टर गायब.

नॉमिनीचं लिहू का नको असं झालेलं, लिहिते. दोन वर्षांपूर्वी आमचा एक पोरगा सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी जाताना रस्त्यात गेला. अठ्ठावीस वय. लग्नाला चौदा महिने झालेले. पीएफच्या मेंबरचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर विम्याचे पैसे मिळतात, ७ लाखांपर्यंत, त्याचा हप्ता कंपनी भरते, कामगाराचा एक रुपया नाही. बायकोला पेन्शन लागू होते. हे सगळं होतं. पण नॉमिनेशन लग्नाआधीचं, आईच्या नावानं. लग्न झालं की नॉमिनेशन नव्यानं करावं लागतं, मीच बोर्डावर नोटीस लावलेली होती, ती कुणी वाचतं का. सासू आणि सून दोघी माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या, एकमेकींकडं न बघता. अकरा महिने लागले. दोघींचं घर एकच होतं, आता नाही. मोबाईलवर दहा मिनिटांत ई-नॉमिनेशन होतं, फोटो आणि आधार लागतं बस. त्या आठवड्यापासून मी लग्नाची रजा मंजूर करायच्या आधी नॉमिनेशन बदलायचा कागद पुढं करते, पोरं चिडतात, मॅडम अजून हळद पण लागली नाही म्हणतात.

पीएफ काढून पोरं पैसे घालतात कुठं ते पण बघितलंय. एकानं काकाच्या ओळखीनं पतसंस्थेत ठेवले, व्याज जास्त म्हणून. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेच्या पण, पतसंस्थेला तो विमा नाही. सांगली जिल्ह्यात राहून हे मी वेगळं सांगायला नको, प्रत्येक घरात एकतरी पावती कपाटात पिवळी पडलेली आहे. दुसऱ्यानं शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग. रात्रपाळीला जागा राहून व्हिडिओ बघून शिकला. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिलेत की तीन वर्षांत एफ अँड ओ, म्हणजे असलंच ट्रेडिंग, करणाऱ्या साध्या गुंतवणूकदारांतले ९३ टक्के तोट्यात गेले. मी त्याला दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, मी त्या सात टक्क्यांत हाय." काय बोलणार.

आणि लोन ॲप. याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल. आता आमच्या ऑफिसच्या लँडलाइनवर वसुलीवाल्यांचे फोन येतात, अमुक तमुक तुमच्याकडं कामाला आहे का, त्याला फोनवर द्या, भाषा अशी की मी इथं लिहू शकत नाही. पाच हजाराचं लोन, सात दिवसांत परत. पगार ७ तारखेला, हप्ते ५ तारखेला, म्हणजे दंड ठरलेलाच. असल्या पोरांना मात्र मी सांगते की पीएफचा ॲडव्हान्स निघत असेल तर काढ आणि हे फेड. तसंच सावकाराचं. एका पोराच्या बापानं महिना शेकडा पाच टक्क्यानं घेतलेलं, म्हणजे वर्षाला साठ टक्के, तिथं सव्वाआठ टक्क्याचं कौतुक सांगत बसण्यात काही अर्थ नाही, काढ म्हटलं आणि मीच फॉर्म भरून दिला. म्हणजे पीएफ म्हणजे देवाऱ्यातला देव आहे, हात लावायचाच नाही, असं माझं म्हणणं नाही. बुलेटसाठी नको, एवढंच.

आमच्या ऑफिसात बायकांची भिशी आहे, वीसजणी, महिना दोन हजार, हिशोब माझ्याकडं. तिला व्याज नाही, कागद नाही, तरी एकीनं पण हप्ता चुकवलेला नाही, का तर चुकवला तर तोंड दाखवायला जागा नाही. पीएफचं तसं नाही, तिथं आपणच आपल्याला तोंड दाखवायचं असतं ते साठीला. म्हणून कुणाला वाटत नसेल.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. करिअरच्या पानावर एकदा कुठल्यातरी खोट्या नावाची पगाराची स्लिप मोठी छापा आणि प्रत्येक ओळीला बाण काढून लिहा की हे काय आणि हे कुठं जातं. मजकूर मी देते, फुकट. आमच्या कारखान्यात ते पान मी नोटीस बोर्डावर लावीन, काचेच्या आत, कुलूप लावून, कारण नाहीतर वडापाव गुंडाळायला जातं.

सध्या माझ्या टेबलावर तासगावकडच्या एका पोराचा राजीनामा आहे. दोन वर्षं सात महिने झालेत, चाकणला चाललाय, पीएफ काढायचा म्हणतोय. मी त्याला हिशोबाचा कागद दिलाय आणि सांगितलंय की घरी आईला दाखव, सोमवारी ये, मग काय ते भरू. कागद घेऊन गेलाय. फॉर्म १९ पण घेऊन गेलाय, दोन्ही एकाच खिशात.

आपली,
टाइम ऑफिसवाली एक वाचक,
विश्रामबाग, सांगली